पाचशे एक रुपयांचा सुपरवायझर

बळीराम गजभियेला सुपरवायझर केल्याची बातमी त्याच्या आधी त्याच्या घरी पोचली. शनिवारी संध्याकाळी कळमेश्वरच्या कारखान्यातून सुटून, पॅसेंजरनं नागपूर गाठून तो जरीपटक्यामागच्या आपल्या वस्तीत शिरला, तर दारासमोर सडा पडलेला, बायको कौसल्या ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी आणि शेजारची प्रयागबाई झेंडूचा हार घेऊन सज्ज. क्षणभर त्याला वाटलं, आपण दुसऱ्याच्याच घरी आलो.

"अजी, खरं हाये काय?" कौसल्येनं विचारलं. "गोविंदाची बायको सांगून गेली. तुमी सायेब झाले म्हणते."

गोविंदा त्याच्याच कारखान्यात पत्रे कापायचा आणि अर्धा तास आधीच्या गाडीनं आला होता. बळीरामनं खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं. ते इंग्रजीत होतं. मॅट्रिकला बसलेल्या चारुशीलेनं बापाच्या हातातून ते घेतलं आणि अडखळत, मराठी करत वाचलं, "श्री. बी. डी. गजभिये यांना सुपरवायझर नेमण्यात येत आहे. पगार दरमहा रुपये पाचशे एक."

"पाचशे एक!" प्रयागबाई हार घालता घालता म्हणाली. "वरचा एक रुपया पाहा वं कौसल्या. किती शुभ आकडा देल्ला शेठनं!"

बळीरामही हसला. त्या एका रुपयाचा अर्थ कळायला त्याला पुढं दोन-अडीच महिने लागले.

बढतीचं कारण मात्र त्याला तेव्हाही नीटसं समजलं नव्हतं. बारा वर्षं तो त्या कारखान्यात लोखंडी कपाटांना रंग मारत होता. बोलायला गरीब, कामाला वाघ. त्याला एकच खोड होती, दिसेल ते वाचायचं. पुडीचा कागद, औषधाची बाटली, भिंतीवरची जाहिरात, काहीही. अशीच एक दिवस कारखान्याच्या ऑफिसबाहेरची पाटी त्याच्या नजरेला पडली. फॅक्टरी कायद्यातला मजकूर मराठीत छापून तिथं टांगला होता, कारण तो टांगायचा असतो. त्याच्यावर एका गूळवाल्याचं कॅलेंडर लटकत होतं, कारण तो कोणी वाचायचा नसतो. बळीरामनं कॅलेंडर बाजूला सरकवून सगळी पाटी वाचली, तर त्यात लिहिलेलं, ओव्हरटाइमचा दर दुप्पट. कारखान्यात मिळायचा एकपट.

त्यानं ते जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात एकेचाळीस जणांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज शेठच्या टेबलावर गेला. सगळ्यात वर बळीरामची सही होती. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी मॅनेजर मुकुंदराव देशकरांनी त्याला केबिनमध्ये बोलावून, खुर्चीवर बसवून, हे पत्र दिलं. बारा वर्षं त्याला "अरे बळीराम" म्हणणारे मुकुंदराव त्या दिवशी "बसा गजभिये" म्हणाले. बळीराम इतका गोंधळला, की बसला आणि पुन्हा उभा राहिला.

रविवारी विहारात सत्कार झाला. वस्तीतले तीन जण रेल्वेत होते, एक पोस्टात होता, पण सुपरवायझर हा पहिलाच. सतरंजी अंथरली, माइक आणला. कामगार युनियनचे गणपतराव भाषणात म्हणाले, "आज आपला माणूस खुर्चीवर बसला!" टाळ्या झाल्या. बळीरामचा गळ्यात हार घातलेला फोटो निघाला, मागच्या फळ्यावर खडूनं "सुपरवायझर बी. डी. गजभिये यांचा सत्कार" असं लिहिलेलं. पेढ्यांचा खर्च बळीरामकडं होता. टेरिकॉटची पॅन्ट, पांढरा बुशशर्ट आणि बूट हाही खर्च त्याच्याकडंच होता, कारण रंगाचे डाग पडलेला पायजमा घालून खुर्चीवर बसता येत नाही, असं कौसल्येचं मत पडलं. फोटोची एक प्रत त्यानं मोठ्या आदरानं मुकुंदरावांना नेऊन दिली.

सोमवारी गाडीत पत्त्यांचा डाव रंगला होता. बळीराम डब्यात चढला तसा डाव थांबला.

"बसा सायेब," गोविंदा सरकून म्हणाला.

"सायेब काहून म्हणतो गा? पत्ते वाट ना."

"नाई जी. तुमच्यासमोर कसं खेळाव?"

त्या दिवसापासून पत्ते खेळायला त्यानं दुसरा डबा शोधायचा, का आहे त्याच डब्यात खिडकीबाहेर बघत बसायचं, हे त्याला ठरवता येईना. आठ दिवसांत गणपतराव घरी आले आणि युनियनची पावती परत मागू लागले. "राग नको मानू बळीराम. सुपरवायझरले युनियनमध्ये ठेवता येत नाही. नियम आहे."

"पण परवा तं तुमीच सत्कार केला!"

"सत्कार वेगळा, मेंबरशिप वेगळी."

महिना भरला आणि पाकीट हातात आलं. आधी तीनशे साठ पगार आणि कमीत कमी पावणेदोनशे ओव्हरटाइम असा हिशोब जमायचा. आता पाचशे एक आणि त्यातून फंड कापलेला. सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो. शेवटचा कामगार गेल्याशिवाय घरी मात्र जाता येत नाही. म्हणजे काम दोन तासांनी वाढलं होतं आणि पैसे कमी झाले होते. बळीरामनं पाकीट उलटं करून झटकलं. त्यातून काही पडलं नाही.

कौसल्येनं ते नोटांसकट दोनदा बघितलं आणि नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला.

"सट्टा लावला काय?"

"नाई वं."

"मंग बढतीचे पैसे कुठी गेले?"

"बढतीतच गेले."

हे उत्तर तिला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कळमेश्वरला गेली आणि मुकुंदरावांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. मुकुंदराव स्वभावानं वाईट नव्हते. एकोणीस वर्षं ते शेठच्या चार कागदांवर सह्या करत होते आणि सही करताना कागदाकडं न बघण्याची त्यांना सवय झाली होती. त्यांनी कौसल्येला पाणी दिलं आणि समजावलं, "बाई, पैसा काय, येतो-जातो. मान बघा किती वाढला!"

"मान कोन्या दुकानात चालते सायेब? थ्या दुकानाचं नाव सांगा, मी तिथूनच तांदूळ आणतो," कौसल्या म्हणाली. मुकुंदरावांनी पुन्हा पाणी मागवलं. या वेळी स्वतःसाठी.

त्याच संध्याकाळी बळीरामनं हात जोडून विनंती केली, "सायेब, मले परत पेंटर करा."

"असं कसं गजभिये? बढती परत घेता येत नाही. कोणी ऐकलंय का असं? काही गंभीर चूक केली असती तर गोष्ट वेगळी."

मुकुंदराव हे सहज बोलून गेले, पण बळीरामनं ते गाठीला बांधलं. घरी त्यानं कौसल्येला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग करा ना एखादी चूक. लहानशी नोका करू, चांगली मोठी करा."

पंचाईत अशी, की बारा वर्षांत त्यानं कामात चूक केली नव्हती, आणि आता ठरवून करायची म्हटली तर सुचेना. रंग बिघडवावा तर कपाटाचा जीव जायचा. कामावर उशिरा जावं तर पाय आपोआप वेळेवर निघायचे. चार दिवस डोकं खाजवून अखेर त्याला कारखान्यातली सगळ्यात मोठी चूक सुचली: पाटीवर लिहिलंय तसं वागायचं. ओव्हरटाइमचं रजिस्टर आता त्याच्याकडंच होतं. महिनाअखेरीला त्यानं दराच्या रकान्यात चाळीसही नावांपुढं, सुंदर अक्षरात, "दुप्पट" लिहिलं आणि रजिस्टर मुकुंदरावांच्या टेबलावर ठेवलं. आता ते ओरडतील, मग आपण मान खाली घालू, मग ते आपल्याला पेंटर करतील.

मुकुंदरावांनी सही केली. शेठ मुलीच्या लग्नासाठी रायपूरला गेले होते. कॅशियरनं मॅनेजरची सही बघितली आणि पैसे वाटले.

कारखान्यात त्या दिवशी जी दिवाळी झाली ती नंतर कधी झाली नाही. गाडीत पत्ते पुन्हा सुरू झाले आणि पहिलं पान बळीरामला मिळालं. शेठ परतले तेव्हा गोविंदाच्या घरी शेळी आली होती, कोणाचं छप्पर झालं होतं, कोणाच्या सावकारानं वही मिटली होती. पैसे परत घ्यायचे कोणाकडून? आणि आता युनियनच्या हातात मॅनेजमेंटच्या सही-शिक्क्याचा कागद होता. गणपतरावांनी त्याच्या चार नकला काढल्या. पुढं दर कमी करायची शेठची छाती झाली नाही.

बळीरामला केबिनमध्ये बोलावणं आलं तेव्हा तो मनातून खुशीत होता. जुना पायजमा त्यानं पिशवीतून सोबतच आणला होता.

मुकुंदरावांनी त्याच्या हातात पाकीट दिलं. आत एक महिन्याचा पगार आणि कामावरून काढल्याचं पत्र.

बळीरामनं पायजम्याची पिशवी खाली ठेवली. "सायेब, चूक झाली तं पेंटर करनार होते ना?"

"कसं करू?" मुकुंदराव खाली बघत म्हणाले. "पेंटर केलं तर तू कामगार झालास. कामगाराला असं काढता येत नाही. चौकशी करा, कोर्टात जा, भानगडी. सुपरवायझरला येतं. पाचशेच्या वर पगार असलेला सुपरवायझर कायद्यानं कामगार नाही. म्हणून तर शेठनं..." ते थांबले.

"म्हणून तं वरचा एक रुपया," बळीराम हळूच म्हणाला. पायजम्याची पिशवी उचलून तो बाहेर आला. तेवढ्या गोंधळातही तो पुन्हा "तुम्ही"चा "तू" झाला आहे, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

चाळीस जणांना वाईट वाटलं. नुसतं वाटून थांबले नाहीत, वर्गणी काढून वकील दिला. वकिलांनी कागद वाचून चष्मा काढला. "एकच रस्ता आहे. बळीराम नावाला सुपरवायझर होते, खरं तर कामगारच होते, हे कोर्टात सिद्ध करायचं. म्हणजे त्यांना देखरेख जमत नव्हती, कोणी त्यांचं ऐकत नव्हतं, त्यांना कवडीचा अधिकार नव्हता. साक्षीदार लागतील."

"चाळीस आहे ना," गणपतराव म्हणाले.

तारखा पडत गेल्या. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. बळीराम बाजारातल्या दुकानांची शटरं आणि पाट्या रंगवू लागला. काम असलं तर असायचं. टेरिकॉटची पॅन्ट विकली गेली. चारुशीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती, पण तिचं नर्सिंग एक वर्ष पुढं गेलं, मग आणखी एक वर्ष. ती काही बोलायची नाही, फक्त नर्सिंगच्या फॉर्मची तारीख जवळ आली की बापाच्या नजरेसमोर यायचं टाळायची. बळीरामला तेच जास्त लागायचं.

तिसऱ्या वर्षी साक्षी सुरू झाल्या. पहिला गोविंदा. वस्तीतले पंधरा-वीस लोक मागं बाकांवर बसले होते. त्यांत कौसल्याही होती.

"हे तुमच्यावर देखरेख करायचे का?" वकिलांनी विचारलं.

"कायची देखरेख जी! याले काही समजत असन तं ना. आमीच याले सांगून राहिलो होतो, हे कर, थे कर."

"कधी कोणाला रागावले?"

"रागवाले दम पाह्यजे ना सायेब. हा तं कुत्र्याले बी 'अहो, सरका' म्हणते."

कोर्टात हशा पिकला. जजसाहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. गोविंदाला हुरूप आला. शेळीचे उपकार तो आता व्याजासकट फेडू लागला. "खुर्चीवर बसाचं बी याले जमत नव्हतं. काठावर बसे, जसं कोनी आता उठवन. मी तं म्हनतो, याच्यापेक्षा थी खुर्ची जास्त देखरेख करे!"

बळीराम मान खाली घालून ऐकत होता. हे सगळं आपल्या भल्याचं आहे, असं तो मनाला बजावत होता. कौसल्येला मात्र ते बजावायला कोणी नव्हतं. ती उभी राहिली आणि मागून कडाडली, "काहून गा गोविंदा! याच सुपरवायझरचे पेढे खाताना जीभ कुठी गेली होती तुयी? पाव किलो घरी बी नेले ना!"

कंपनीचे वकील सावकाश उठले. "या बाई कोण, हे कळू शकेल का?"

"माझी बायको," बळीराम म्हणाला.

"आणि पेढे कशाचे?"

बळीरामला खोटं बोलता आलं नाही. कंपनीच्या वकिलांनी मग फाइलमधून एक फोटो काढून जजसाहेबांपुढं ठेवला. हारात मान बुडालेला बळीराम आणि मागं फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. फोटोत माइकपाशी गणपतराव उभे होते. ते आता बाकावर होते आणि आपल्या चपलांकडं बघत होते.

दुपारी कंपनीकडून मुकुंदरावांची साक्ष झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाची इतकी स्तुती केली नसेल. गजभिये म्हणजे शिस्त. गजभिये म्हणजे सचोटी. गजभिये नुसते उभे राहिले तरी कामगार आपोआप कामाला लागत. असा सुपरवायझर कंपनीला पुन्हा मिळायचा नाही.

"मग काढलं का?" बळीरामच्या वकिलांनी विचारलं.

"तो प्रश्न या कोर्टापुढं येतच नाही," कंपनीचे वकील म्हणाले. आणि खरंच तो येत नव्हता.

निकालाची नक्कल मिळाली त्या दिवशी चारुशीलेनं ती ओसरीवर बसून मराठी करत करत वाचली. कौसल्या तांदूळ निवडत होती.

"'श्री. गजभिये हे कर्तव्यदक्ष, निःपक्षपाती आणि अधिकारसंपन्न सुपरवायझर होते. कामगारांच्या साक्षी मैत्रीपोटी दिलेल्या असल्यानं ग्राह्य धरता येत नाहीत. मॅनेजर देशकर यांची साक्ष विश्वासार्ह आहे.'"

कौसल्येचा हात थांबला. वस्तीत कोणाबद्दल सरकारी कागदावर इतकं चांगलं लिहून आलेलं तिनं ऐकलं नव्हतं. "मंग जितलो ना?"

"हरलो," बळीराम म्हणाला.

"इतकं चांगलं लिवलं तरी?"

"चांगलं लिवलं म्हणूनच."

कौसल्येनं तांदळातला एक खडा काढून बाहेर फेकला. मग म्हणाली, "थ्या दिवशी मी उठली नसती तं?"

"फोटो त्यायच्याजवळ होताच वं. मीच तं नेऊन देल्ला होता." तिनं सुपात पाहिलं आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडू लागली.

यानंतर महिनाभरानं एका सकाळी दारात मुकुंदराव उभे राहिले. अंगातला कोट ढगळ झाला होता, हातात कापडी पिशवी होती. ते बाजेच्या काठावर टेकले, आता कोणी उठवील अशा बेतानं.

"बळीरामजी," ते म्हणाले, आणि बळीरामनं मागं वळून बघितलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून. "शेठनं मला काढलं. त्या रजिस्टरच्या सहीवरून. तुमची केस संपेपर्यंत साक्षीसाठी ठेवलं होतं, एवढंच. निकाल लागला आणि दुसऱ्या सोमवारी पाकीट. एकोणीस वर्षं... आता बावीस झाली होती."

कौसल्येनं काही न विचारता चहा ठेवला.

"वकील काय म्हणते?" बळीरामनं विचारलं.

"तेच म्हणतो. मॅनेजरला कामगार कोर्ट नाही. मी मॅनेजर नव्हतो, नुसता कारकून होतो, हे सिद्ध करायचं. मला कशाचा अधिकार नव्हता, शेठ सांगतील तिथं सही करायचो." मुकुंदरावांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "साक्षीदार पाहिजे. कामगारांचं कोर्ट ऐकत नाही, ते तुम्ही बघितलंच. मॅनेजमेंटचा माणूस पाहिजे. आणि मॅनेजमेंटचा म्हणून कोर्टानं लिहून दिलेला माणूस सध्या एकच आहे."

चुलीपाशी कौसल्येच्या हातातली बशी थांबली होती. याच माणसानं दिलेल्या पाकिटानं आपल्या पोरीची तीन वर्षं खाल्ली, हे बळीरामला आठवलं. याच माणसानं आपल्याला पहिल्यांदा खुर्ची दिली, हेही आठवलं. पण त्याचा निर्णय या दोन्हींमुळं झाला नाही. मुकुंदराव सांगत होते ते खरं होतं, आणि खरं लिहिलेलं समोर आलं की ते मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"देतो साक्ष," तो म्हणाला. "यात खोटं बोलाचं काही कामच नाई. तुमाले सही करन्याशिवाय काहीच येत नव्हतं."

"थँक यू," मुकुंदराव म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

तारखेच्या दिवशी बळीराम शटर रंगवायचं काम अर्धवट सोडून कोर्टात आला. नखांत निळा रंग होता. मागच्या बाकावर मुकुंदरावांच्या पत्नी सुमतीबाई पदर घट्ट धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी कौसल्या. तिनं या वेळी तोंडातून शब्द काढणार नाही, असं कबूल केलं होतं.

कंपनीचे वकील तेच होते. ते उलटतपासणीला उठले आणि बळीरामच्या बोटांकडं बघून हसले.

"तुमचा धंदा काय?"

बळीरामच्या तोंडात "पेंटर" आलं होतं. ते त्यानं गिळलं. समोर मुकुंदराव हात जोडून, ओठ घट्ट मिटून उभे होते.

"मी सुपरवायझर," बळीराम म्हणाला. आपल्या तोंडानं तो हे पहिल्यांदाच म्हणत होता.